फेरफाराच्या वहीनं सुटलेला गुंता

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

मराठवाड्यातल्या बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या, नोंदींचं ॲप मी दोन वर्षं एकटाच रेटत होतो. वालूर, चारठाणा, अंबाजोगाई, जिथं जाईन तिथली नोंद. बारवांच्या एक्सएमएल फाइली (खुणा घालून माहिती लिहायच्या फाइली) वेगळ्या, फोटोंच्या वेगळ्या, शिलालेखांच्या वेगळ्या, पुस्तकांतल्या उल्लेखांच्या वेगळ्या. त्यांची जोडणी मी नावानं केली होती. फोटोच्या नोंदीत गाव आणि जिल्हा लिहायचा. नाव जुळलं की फोटो बारवेच्या पानावर यायचा.

2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. मी एका फटक्यात सगळीकडं नाव बदलून मोकळा झालो. दोन दिवसांनी बघतो तर ग्रंथांच्या यादीतलं ‘उस्मानाबाद जिल्हा गॅझेटियर’ ‘धाराशिव जिल्हा गॅझेटियर’ होऊन बसलेलं. कपाटातल्या पुस्तकावर तसं काही छापलेलं नव्हतं. मामांनी 1981 मध्ये काढलेला औशाच्या किल्ल्यातल्या विहिरीचा फोटोही धाराशिव जिल्ह्यात गेला. औसा तर 1982 पासून लातूर जिल्ह्यात आहे! आठवडाभर मी हातानं दुरुस्त्या करत बसलो आणि त्यात नव्या चुका घातल्या.

त्याच आठवड्यात आमच्या वाटणीचे कागद बघायला तुम्ही घरी आलात. माझं तोंड बघून विचारलंत, मी रडगाणं गायलं. तुम्ही म्हणालात, “लेकरा, नाव कामून लिहितो? नंबर लिही.” आणि हातातला आमचा सातबारा पुढं केलात. आजोबांच्या नावाला कंस, खाली बाबांचं नाव, शेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर. तुम्ही कंसावर बोट ठेवलंत. “नाव खोडलं का? नाही. का बदललं ते इथं लिहिलंय का? तेही नाही. नुसता फेराचा नंबर. बाकी सगळं सहा नंबरच्या, फेरफाराच्या वहीत.”

काका, तलाठी म्हणून तुम्ही जन्मभर जे केलंत, तेच एक्सएमएलमधल्या दुव्यांच्या एक्सलिंक नावाच्या मानकात 2001 पासून लिहून ठेवलंय. दोन कागदांमधला दुवा दोघांपैकी कुणाच्याच पोटात ठेवायचा नाही, तिसऱ्या फाइलीत ठेवायचा. ते मी वाचलं होतं. ब्राउझरांनी त्यातलं फारसं काही उचललं नाही म्हणून सोडूनही दिलं होतं. पण ब्राउझरला ते समजायची गरजच काय? सर्व्हरवर एक्सक्वेरी (एक्सएमएलमधून माहिती शोधायची भाषा) फेरांची, म्हणजे दुव्यांची, फाइल वाचते आणि जोडलेलं पान तयार करून देते. हे तुमच्या बोटाकडं बघताना सुचलं.

आता प्रत्येक दुव्याला स्वतःचा नंबर आहे. फे-212 हा फेर: फोटो फो-45 आणि बारव बा-117, नातं ‘छायाचित्र’. औशाला दोन फेर आहेत, एक उस्मानाबादशी, 1982 मध्ये लातूर जिल्हा होईपर्यंतचा, आणि दुसरा लातूरशी, तेव्हापासूनचा. पहिल्याला कंस, म्हणजे शेवटची तारीख, पण तो जागेवरच. उद्या कशाचंही नाव बदलो, एका नोंदीत एक ओळ बदलायची आणि झोपायचं.

नंबरांचीही गंमत झाली. मी आधी नुसते 117, 118 दिले, तर तपासणीत सगळे नापास. एक्सएमएलमध्ये आयडी, म्हणजे नोंदीची ओळख, अंकानं सुरू होत नाही. तुम्ही हसलात, “नुसता नंबर कुणी सांगतं का? गट का खातं का फेर, ते आधी सांगावं लागतं.” म्हणून बारवेला बा, फोटोला फो, शिलालेखाला ले, फेराला फे. देवनागरी अक्षरं तिथं चालतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. आयडीला आयडीरेफनं, म्हणजे त्या आयडीचा उल्लेख करून, जोडायची सोय त्याच फाइलीपुरती असते, चार फाइलींत ती कामाची नाही. तिथं तुमची वहीच लागते. शिवाय वही दोन्हीकडून वाचता येते. गटावरून खातेदार, खात्यावरून गट, तसं बारवेवरून फोटो आणि फोटोवरून बारव. फेरांना सूची (इंडेक्स) केल्यापासून पान लगेच उघडतं. आधी एका फोटोसाठी सगळी फाइल धुंडाळायचो, म्हणजे गावात दवंडी पिटून माणूस शोधायचा प्रकार.

एका गोष्टीत मात्र मी वाद घातला. तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केल्याशिवाय फेर खरा नाही, असं तुमचं म्हणणं. एकट्याच्या कामात मंडळ अधिकारी कुठून आणू? शेवटी ‘तपासणारा’ असा रकाना घातला. रात्री जेवणं झाली की बायको मंडळ अधिकारी होते. पहिल्याच बैठकीत तिनं माझे अकरा फेर नामंजूर केले आणि त्यातले नऊ खरंच चुकीचे होते.

तुमच्या मळ्यातल्या बुजलेल्या विहिरीला पायऱ्या आहेत म्हणालात, तिच्यासाठी बा-200 राखून ठेवलाय. रविवारी मोजायची टेप घेऊन येतो. काकूंना सांगा, भाकरी आणि ठेचा पुरे.

तुमचा,
मागच्या गल्लीतलं लेकरू