स्पेक्युलम फेकण्यापेक्षा नीट धुवावा

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

मोतीबिंदू शिबिरांच्या पत्रकांवर ‘सर्व साहित्य डिस्पोजेबल’ असे ठळक अक्षरांत छापलेले हल्ली दिसते. सुई, सिरिंज, हातमोजे, ड्रेप (रुग्णावर पसरायची निर्जंतुक चादर) यांबाबत ते योग्यच आहे. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या पापण्या उघड्या धरणारा स्पेक्युलमही याच यादीत असावा, असा आग्रह काही देणगीदार आणि आयोजक धरू लागले आहेत. नेत्रविभागाच्या शस्त्रक्रियागृहात नोकरीचा मोठा काळ घालवलेली निवृत्त परिसेविका या नात्याने मला तो आग्रह चुकीचा वाटतो आणि त्याची कारणे वाचकांसमोर मांडावीशी वाटतात.

हे साधन दिसायला अगदी साधे असते. स्टेनलेस स्टीलच्या वाकवलेल्या तारेचा बाराकेर पद्धतीचा स्पेक्युलम स्वतःच्या ताणावर उघडा राहतो, तर लीबरमन पद्धतीच्या स्पेक्युलममध्ये स्क्रू फिरवून पापण्यांमधले अंतर कमी-जास्त करता येते. केवळ थेंबांची भूल दिलेला रुग्ण जागा असतो, घाबरून डोळा मिटू पाहतो, आणि त्या जोराला तोंड देतानाही स्पेक्युलमचा दाब डोळ्याच्या गोलाकडे जाऊ द्यायचा नसतो. कारण डोळ्याला छेद दिल्यानंतर बाहेरून पडलेला थोडासा दाबही आतील भाग पुढे ढकलू शकतो. म्हणून तारेचा ताण आणि टोकांचा गुळगुळीतपणा यांना फार महत्त्व आहे. आम्ही टोकांवरून कापूस फिरवून पाहत असू. एखादा तंतू अडकला, तर तो नग बाजूला काढला जाई. चांगल्या धातूचा स्पेक्युलम नीट सांभाळला तर वर्षानुवर्षे टिकतो. प्लॅस्टिकचे हलके नग जोराने पापण्या आवळणाऱ्या रुग्णापुढे वाकतात, हा शल्यचिकित्सकांच्या तक्रारीचा विषय आहे.

पुन्हा वापरले म्हणजे जंतुसंसर्ग होणारच, ही समजूत दूर व्हायला हवी. १२१ अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबाची वाफ ठरलेला वेळ मिळाली, तर धातूवरील जंतू आणि त्यांचे बीजाणूही मरतात. अडचण त्याआधीच्या पायरीत असते. बिजागरीत आणि स्क्रूच्या आट्यांत अडकलेला चिकट पदार्थ, मलम किंवा वाळलेला स्राव निघाला नाही, तर वाफ तिथपर्यंत पोहोचत नाही. शिवाय जंतू मेले तरी त्यांच्या काही जातींची विषद्रव्ये उष्णतेलाही टिकून राहतात. ती किंवा धुण्याच्या साबणाचा अंश डोळ्यात गेल्यास शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच डोळ्याच्या पुढच्या भागाला तीव्र दाह होतो. डॉक्टर त्याला ‘टास’ म्हणतात, आणि त्यात जंतू सापडतच नाहीत. आपल्याकडे आणखी एक भर आहे ती बोअरच्या जड पाण्याची. त्याचे क्षार हत्यारांवर पांढरा थर धरतात. सलाईन किंवा ब्लीचचे पाणी तसेच राहू दिले, तर स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. शेवटचे विसळणे शुद्ध केलेल्या पाण्यानेच व्हायला हवे, आणि नेमका हाच खर्च अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जातो.

२०१४ च्या अखेरीस पंजाबातील घुमान येथे झालेल्या मोतीबिंदू शिबिरानंतर कित्येक गोरगरिबांची दृष्टी गेली. संत नामदेवांच्या कर्मभूमीत काही महिन्यांतच आपले साहित्य संमेलन भरले, त्यामुळे हे गाव मराठी वाचकांना परके नाही. अशा घटनांनंतर ‘सगळे फेकून द्या’ हा उपाय सुचतो, पण एकदाच वापरायचा नग टंचाईच्या दिवसांत पुसून पुन्हा वापरला जाण्याचा धोका त्यात दडलेला असतो. त्याची रचना ऑटोक्लेव्हसाठी, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रासाठी, नसते आणि त्याची नोंदही कुठे होत नाही. मला तो धुऊन वापरलेल्या चांगल्या हत्यारापेक्षा अधिक भीतिदायक वाटतो.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण येथे द्यायला हवे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली सुरू केलेल्या या संस्थेत हत्यारांचे पुरेसे संच आळीपाळीने निर्जंतुक करून वापरले जातात, आणि संसर्गाचे प्रमाणही अत्यल्प ठेवले जाते. तेथील एका फेको (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या) शस्त्रक्रियेचा कार्बन-भार ब्रिटनमधील त्याच शस्त्रक्रियेच्या सुमारे पाच टक्केच असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कचरा कमी करणे हा तेथे केवळ पर्यावरणाचा विषय नाही. वाचलेल्या पैशातून अधिक रुग्णांवर शस्त्रक्रिया होतात.

माझी मागणी मर्यादित आहे. शिबिराला परवानगी देताना त्या दिवशीच्या शस्त्रक्रियांची संख्या आणि उपलब्ध संचांची संख्या एकत्र विचारावी. चार संचांवर चाळीस रुग्ण उरकायचे असतील, तर दोन रुग्णांच्या मधल्या वेळात धुणे, विसळणे, वाफ आणि कोरडे होणे यांपैकी काहीतरी गाळले जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीची वेळ, तापमान आणि इंडिकेटरची (निर्जंतुकीकरण नीट झाल्याचे दाखवणाऱ्या खुणेची) नोंद असलेली वही तपासणी अधिकाऱ्याने पाहावी. आणि देणगीदारांनी डिस्पोजेबल नगांच्या पेट्यांऐवजी जादा संच, शुद्ध पाण्याचे यंत्र आणि ते चालवणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याचा पगार द्यावा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका