माल बुडाला तर कोणाचा?

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "माल बुडाला तर कोणाचा, एवढंच ना शिकतेस?" तेव्हा मी जरा फणकारले. रात्री सागरी व्यापाराच्या कायद्याचं पुस्तक उघडल्यावर मान्य करावं लागलं, बरंचसं तेवढंच आहे. भांडण असतं ते घटकेचं. जोखीम विकणाऱ्याच्या डोक्यावरून घेणाऱ्याच्या डोक्यावर नेमकी कधी गेली?

एफओबी सौद्यात, म्हणजे विकणाऱ्याने माल जहाजावर चढवून द्यायचा अशा सौद्यात, पूर्वी उत्तर होतं, जहाजाचा कठडा. क्रेनला लटकलेला माल कठड्याअलीकडे पडला तर नुकसान विकणाऱ्याचं, पलीकडे पडला तर घेणाऱ्याचं. लंडनच्या गोदीत एक आगीचा बंब असाच कठड्याअलीकडे निसटला. खटला झाला सिंदिया जहाज कंपनीवर, भरपाई किती द्यायची यावरून. १९५४ साली न्या. डेव्हलिन यांनी हवेतल्या त्या काल्पनिक रेषेची चक्क थट्टा केली. माल चढवणं हे सलग काम, त्याचे दोन तुकडे कसले, असं धरून त्यांनी जहाजवाहतुकीच्या नियमांतली मर्यादा या अपघातालाही लावली आणि कंपनीची देणी २०० पौंडांवर थांबवली. तरी इन्कोटर्म्समधून, म्हणजे व्यापाऱ्यांच्या १९३६ पासूनच्या नियमावलीतून, कठडा हटला तो २०१० च्या आवृत्तीत. छप्पन्न वर्षं! आता माल जहाजावर ठेवला की जोखीम बदलते.

सीआयएफ या दुसऱ्या प्रकारच्या सौद्यात मात्र मी आपटले. तिथे विकणारा भाडं भरतो, विमाही उतरवतो, थेट पोचायच्या बंदरापर्यंत. म्हणून चाचणीत ठोकून दिलं की जोखीमही तिथवर त्याचीच. साफ चूक. खर्च त्याचा, पण माल चढला की धास्ती घेणाऱ्याची. समासात लाल शाईने एकच शब्द आला, "कुठे?"

आई, हे तुला आवडेल. बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल चढवल्याची जहाजाची पावती. ती ज्याच्या हाती, त्याला माल. समुद्रात असलेला माल नुसती ही पावती सही करून विकता येतो. तिच्या सहसा तीन मूळ प्रती काढतात, तिन्ही अस्सल. एखादी टपालात गहाळ झाली तर दुसरी पोचावी म्हणून. एक दाखवून माल सोडवला की बाकीच्या रद्द. तू घराची किल्ली तीन ठिकाणी लपवतेस ना, तसंच. फक्त इथे जो आधी पोचतो, तो घर रिकामं करून जाऊ शकतो.

परीक्षा होईपर्यंत रविवारीच फोन करीन. बाबा, पुन्हा बुडालेल्या मालाचं विचारणार असाल तर आधी एवढं सांगा, चढला होता का?

तुमची लेक