कॅरिबियनमधल्या साबा बेटावरच्या अनोळखी मंडळींना थँक्यू!

विंडवर्डसाइड गावाहून माउंट सीनरी डोंगराच्या १०६४ पायऱ्या, वर सदानकदा ढग त्यामुळे सगळं शेवाळलेलं नि निसरडं, तिथे ज्या काकांनी न मागता स्वतःची काठी माझ्या हातात दिली आणि 'खाली गेल्यावर ठेवून दे' एवढंच बोलून पुढे निघून गेले त्यांचे खूप खूप आभार, गुडघे वाचले माझे! झाडोरा छाटून वाट मोकळी ठेवणाऱ्यांनाही थँक्यू, तिथलं रान काय वाढतं बापरे. आणि समुद्रकिनाऱ्यावरून वर चढणाऱ्या 'लॅडर' नावाच्या जुन्या पायऱ्यांवर आम्हाला पाणी देणाऱ्या ताई, १९७२ मध्ये फोर्ट बेचा बोटींचा धक्का होण्याआधी बेटावरचं कितीतरी सामान ह्याच ८०० पायऱ्यांवरून माणसं डोक्यावर आणायची हे तुमच्याकडून ऐकलं नि आमची सॅकच्या वजनाची कुरकुर तिथेच बंद झाली 😄