रामलिंगच्या ओढ्याकाठी आम्हाला फिरवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी तुम्ही आम्हा बाराजणांना धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात फिरवलंत, त्याला आता सहा महिने होत आले. निघताना नुसतं 'येतो मामा' म्हणून गाडीत बसलो. आभार मानायचे राहूनच गेले, ते आज चारचौघांत मानतो.

आम्ही कोणत्या अवस्थेत आलो होतो हे तुम्ही पाहिलंच होतं. २०२५ च्या सप्टेंबरात ओढ्याकाठचं आमचं दोन एकर सोयाबीन गेलं, आणि त्याखालची मातीही खरडून गेली. मुरूम उघडा पडला. सोयाबीन पुढच्या साली पुन्हा पेरता येतं, मातीचं काय करायचं? पूर हा नदीचा दोष, अशी माझी पक्की समजूत होती. तुम्ही मात्र नदीकडे फिरकलाच नाहीत, सरळ माथ्यावर नेलंत.

तिथं तुम्ही बाटलीतलं पाणी आधी उघड्या मुरमावर ओतलंत. ते आमच्या चपलांखालून पळालं. मग पाच पावलांवर कुसळी गवताच्या ठोंबात तेवढंच ओतलंत, ते कुठं गेलं दिसलंच नाही. "गवत पाणी अडवत न्हाई, त्याची घाई मोडतं," म्हणालात. बालाघाटाचा काळा पाषाण पाणी पटकन पीत नाही, भेगांतून आणि कुजलेल्या थरातून ते हळूहळू उतरतं, म्हणून त्याला वेळ मिळाला पाहिजे. 'माथा ते पायथा', म्हणजे कामाला माथ्यापासून सुरुवात करून खाली यायचं, हे शब्द मी बैठकांत कितीदा ऐकले होते, पण अर्थ त्या दिवशी पायांना कळला.

मग तुम्ही काडीनं जमिनीवर हिशेब मांडलात. ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तेवढा पाऊस एका एकरावर पडला तर अडीच लाख लिटरांहून जास्त पाणी, म्हणजे दहा हजारी टँकर सव्वीस. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. आपल्या दोन एकरांवर एका दिवसात तेवढं पडतं, आणि आपण ते हाकलून देतो. कुणीच बोललं नाही तेव्हा.

ओढ्यात आडवं पडलेलं झाड पाहून मी विचारलं, हे कुणी काढत का नाही? तुम्ही मला खाली उतरवलंत. फांद्यांत पालापाचोळा अडकला होता, मागे हातभर गाळ बसला होता, त्यावर गवत उगवलं होतं, आणि पाणी फटींतून झिरपत पुढं चाललं होतं. तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की तीन वर्षांपूर्वी आम्हीच जेसीबी लावून ओढ्याचं वळण काढलं आणि तो सरळ केला, चार गुंठे वाढले म्हणून. तुम्ही रागावला नाहीत. "वळण व्हतं म्हणून पाणी दमानं यायचं," एवढंच म्हणालात. ते वाक्य मला रात्रभर झोपू देईना.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. काळं रान आधीच भिजून फुगलेलं असेल आणि वर ढग फुटला, तर चर, बांध, गवत सगळ्यांवरून पाणी जाणार, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत. नेहमीच्या पावसाचा लोंढा मात्र यानं नक्की मोडतो, असंही म्हणालात. म्हणूनच गावात तुमचा शब्द पटला.

या उन्हाळ्यात वरच्या घळीत आम्ही अनघड दगडांचे सात बांध घातलेत. खालून वर नाही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे वरून खाली येत. ओढ्याकाठी निर्गुडी आणि करंज लावायला खड्डे घेतलेत. ते चार गुंठे ओढ्याला परत दिले. वडील आधी तयार नव्हते, पण आता तेच दगड निवडून देतात.

चौथ्या बांधाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी निघायची वाट, मला उथळ वाटतो. मृग लागायच्या आत एकदा येऊन पाहून जा मामा. गाडी पाठवतो.

आपला,
ओढ्याकाठचा एक शेतकरी