बाबांची ६२

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही 'उपाशीपोटी साखर ६२ आली' असं ऐटीत सांगितलंत. त्या आकड्याला शाबासकी नाही. ७०च्या खाली गेली की साखर कमीच म्हणायची, आणि ५४च्या खाली गेली तर खरा धोका. तुमच्या वयात डॉक्टर साखर थोडी जास्तच चालवून घेतात, कारण ती घसरली की तोल जातो, माणूस पडतो.

आई, संकष्टीच्या संध्याकाळी बाबा चंद्रोदयाची वाट बघत उगाच चिडतात, बनियन घामानं भिजतं, आणि तू म्हणतेस उपासानं डोकं तापलंय. पुढच्या वेळी वाद घालू नकोस, आधी साखर मोजायचं मशीन काढ. बाबांचे हात धुऊन घे, बोटाला केळ्याचा गोडवा राहिला तर आकडा खोटाच जास्त येतो. मशीन सापडलं नाही तर साखर कमी आहे असंच धरून चाल.

बीपीसाठी त्यांना मेटोप्रोलॉल आहे ना, त्या गोळीनं साखर घसरल्यावरची छातीतली धडधड आणि हाताची थरथर झाकली जाते. घाम मात्र झाकला जात नाही. त्यामुळे घाम, चिडचिड, बोलताना अडखळणं, यांवर लक्ष ठेव. रात्री वाईट स्वप्नं पडली, सकाळी डोकं जड असलं, तरी शंका घे.

आकडा कमी दिसला तर अर्ध्या ग्लास पाण्यात चहाचे तीन-चार चमचे साखर, किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, ७०च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. पेढा नको! (बाबा, तुम्ही त्यासाठी मुद्दाम घाम काढाल.) त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात हळू उतरते. साखर वर आली की दूध-भात किंवा पोळी पोटात जाऊ दे, नाहीतर ती परत घसरते. बाबा शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन.

आता उपासाचं. ग्लिमेपिराइड, म्हणजे तुमची मधुमेहाची गोळी, घ्यायची आणि जेवायचं नाही, हे जमणार नाही. ती गोळी पोट रिकामं आहे की भरलेलं हे न बघता इन्सुलिन सोडायला लावते, आणि मूत्रपिंडं थकलेली असली तर तिचा अंमल लांबतो. म्हणून एकदा साखर वर आली तरी काही तासांनी परत पडू शकते, त्या दिवशी डॉक्टरांना कळवायचंच. मात्र गोळी मनानं बंद करू नका. वहीतले सगळे आकडे, ६२ धरून, डॉक्टरांना दाखवा आणि संकष्टीला गोळीचं काय करायचं ते त्यांनाच विचारा. क्रिॲटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांच्या तपासणीचा, रिपोर्टही सोबत न्या, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे.

तुमची,
नीता

ता. क. बाबा, फिरायला जाताना खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. ती तुमच्यासाठी आहे, कट्ट्यावरच्या मित्रांना वाटायला नाही.