फॉर्म आधी पेन्सिलीनं भर

शिये, गुरुवार

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

या आठवड्यात मला तिसरी पाळी. मी येतो तोवर तू पावणेसातची केएमटीची बस धरून गेलेली असतेस आणि तू येतेस तेव्हा मी झोपलेला. शनिवारी तुला विषयांचा फॉर्म द्यायचाय, म्हणून लिहून तुझ्या डब्याखाली ठेवतोय.

तुझी कॉलेजची माहितीपुस्तिका मी शिरोलीला ओतकामाच्या कारखान्यात नेली होती. रात्रीच्या जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एईसी... पहिल्या वाचनात काही डोक्यात शिरलं नाही. मग कॅलेंडरच्या मागं तक्ता आखला, तो सोबत आहे. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली हे ठरलेलंच आहे, त्यात डोकं घालू नकोस. तुझ्या हातात खरं तर दोनच गोष्टी आहेत: विज्ञानाचे तीन विषय आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय.

आधी तासांचं बघ. सेमिस्टरला 22 क्रेडिट म्हणजे आठवड्याला 22 तास असं तू आईला सांगत होतीस. तसं नाही बाळ. थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं, पण प्रॅक्टिकलचं 30 तासांचं. सेमिस्टर 15 आठवड्यांचं धरलं तर दोन क्रेडिटच्या थिअरीला आठवड्याला 2 तास आणि दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला 4 तास. तुझ्या तिन्ही विषयांना थिअरी दोन, प्रॅक्टिकल दोन. क्रेडिट झाले 12, तास झाले 18. बाकीचे विषय वेगळेच. जर्नल लिहिणं, बसची वाट बघणं कुठल्याच क्रेडिटात येत नाही.

त्यात पहिलं सेमिस्टर पावसाळ्यात. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगा पात्राबाहेर आली तेव्हा आपला बावडा-शिये रस्ता पाण्याखाली होता, तुला आठवत असेल. हजेरी 75 टक्के लागते. आम्ही पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना, मूळ वस्तूपेक्षा थोडा मोठाच करतो, कारण बीड (ओतीव लोखंड) थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं. तसा आठवड्यात एक दुपार मोकळी ठेव. तिथं क्लास नको, मैत्रिणीचं काम नको.

आता विषय. रसायन आणि भौतिक तू मनापासून लिहिलेत, ते दिसतं. तिसऱ्या जागी इलेक्ट्रॉनिक्स लिहिलंस, ते मैत्रिणी घेतायत म्हणून. विषय चांगला आहे, पण तुला तो हवाय असं तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. आणि गणित खोडलंस ते बारावीच्या एका पेपरामुळं. दहावीच्या सुट्टीत मी पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग घरी आणलं होतं. तू ओट्याजवळ बसून त्याचे तुकडे पाडलेस, एकेकाचं घनफळ काढलंस, बिडाची घनता पाण्याच्या 7.2 पट धरून वजन सांगितलंस. दुसऱ्या दिवशी काट्यावर कास्टिंग ठेवलं तर तुझ्या आकड्यात आणि काट्यात पाव किलोचाही फरक नव्हता. एका पेपराचे मार्क मी त्याच्यापेक्षा मोठे मानत नाही.

पुस्तिकेत लिहिलंय की दुसऱ्या वर्षी या तिघांतला एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे जोडविषय, आणि तिसरा सुटतो. म्हणजे आता घेतलेला विषय पुढं सोडता येईल, पण आता न घेतलेला पुढं नव्यानं धरता येणार नाही. भौतिकात पुढं जायचं मनात असेल तर गणिताशिवाय पान हलत नाही. मी तुझ्या जागी असतो तर गणित ठेवलं असतं. पण अभ्यास तुला करायचाय, तेव्हा शेवटी तू ठरव.

ओपन इलेक्टिव्हबद्दल मात्र मी अडून बसणार आहे. ते दुसऱ्या शाखेतलंच घ्यावं लागतं, आणि तुमच्या यादीत मोडी लिपी आहे. गणपतीच्या सुट्टीत आजोबांच्या ट्रंकेतला तो जमिनीचा मोडीतला दस्त घेऊन तू दिवसभर माळ्यावर बसलीस. संध्याकाळी खाली आलीस ते 'शिये' शब्द सापडला म्हणून ओरडतच. कागदाच्या घडीवर बोट ठेवून मला दाखवलास. मला काही वाचता आलं नाही, पण तुझा चेहरा वाचता आला. इथं कोल्हापुरात पुराभिलेखागारात संस्थानच्या काळातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, तिथं जाऊन बघता येईल. आणि फॉर्मवर तू मोडी खोडून दुसराच विषय लिहिलास, तो सोपा जातो, मार्क पडतात म्हणून. दोनच क्रेडिटची जागा आहे ती, आणि सगळ्या तक्त्यात तेवढीच फक्त आवडीसाठी आहे. ती देऊ नकोस.

मी 1996 ला कॉमर्सला गेलो, कारण गल्लीतली सगळी पोरं तिकडं गेली. मला ड्रॉइंग आवडायचं. कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन वर्षांनी कॉलेज सुटलं. पॅटर्न शॉपमध्ये हातात पेन्सिल आली तेव्हा कळलं की आपल्याला हे हवं होतं. म्हणून तुला विचारतोय.

उद्या एवढं कर. गुरुवारी दुपारी रसायनचं प्रॅक्टिकल आहे आणि मोडीचा तासही गुरुवारीच दिसतोय. प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळते का, ते सरांना विचार. मिळत नसेल तर मोडी दुसऱ्या सेमिस्टरला आहे का बघ. फॉर्म आधी पेन्सिलीनं भर, आईला वाचून दाखव, मग पेन घे.

पालकांच्या सहीची जागा कोरी ठेव. शनिवारी पुढची बस धर, साडेसातपर्यंत मी येतोच. सही करून मग झोपेन.

तुझे,
पप्पा