ट्रेलरच्या एसीचा निर्णय घेण्याआधी वीज कुठून येणार ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीमागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेलं चाकांवरचं घर, जोडून फिरण्याबद्दल तुमच्या पुरवणीत मागे लेख आला होता, लेख चांगला होता, पण त्यात जाता जाता एक वाक्य होतं की ट्रेलर घेताना एसी लावूनच घ्या, नाहीतर नंतर हळहळ वाटते. एवढं सरसकट सांगणं मला पटलं नाही म्हणून हे पत्र. आम्ही घरचे सगळे ट्रेलर घेऊन फिरतो, सोबत वयस्कर आई असते, त्यामुळे या प्रश्नावर आमच्याकडे पुष्कळ खल झालाय, आणि मला वाटतं की लोक हा निर्णय चुकीच्या टोकाकडून घ्यायला सुरुवात करतात. ऊन किती आहे ते बघतात, एसी किती टनाचा ते बघतात, आणि वीज कुठून येणार हे सगळ्यात शेवटी, कधी कधी तर एसी बसवून झाल्यावर बघतात.

आधी ट्रेलर तापतो का ते सांगते. भिंती इंच दीड इंच जाडीच्या, आत पातळ थर्माकोल नाहीतर काचलोकर, बाहेर पत्रा किंवा फायबर. भर दुपारी उन्हातून जवळजवळ 1000 वॉट उष्णता दर चौरस मीटरवर पडते, आणि मध्यम ट्रेलरचा टप सहज 14 चौरस मीटरचा असतो. टप पांढरा असेल तर यातली बरीचशी परत फेकली जाते, काळपट किंवा मळलेला असेल तर आत येते. दुपारी तीनच्या सुमारास आतून छताला हात लावून बघा, हात लावला की कळतं की गरम हवेपेक्षा हे छतच जास्त त्रास देतंय, वरून सतत धग येत राहते आणि ऊन उतरल्यावरही बराच वेळ येते. त्यामुळे लोकांना एसी हवासा वाटतो यात काहीच नवल नाही, मलाही वाटतो.

आता वीज. टपावरचा नेहमीचा एसी 13,500 नाहीतर 15,000 बीटीयूचा असतो, म्हणजे आपल्या भाषेत एक टनाच्या थोडा वर. चालू असताना तो साधारण 1300 ते 1800 वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना एक क्षणभर त्याच्या दुप्पट तिप्पट ओढतो. दिवे एकदम मंदावतात, फ्रीजचा आवाज बदलतो, आणि जनरेटर छोटा असेल तर तो तिथेच धापा टाकून बंद पडतो. बाजारात ज्याला 2000 वॉटचा जनरेटर म्हणतात त्यातले बरेच सलग 1600 वॉटच देतात, त्यावर असा एसी चालवायचा तर सॉफ्ट स्टार्टर बसवावा लागतो, तो सुरुवातीचा झटका कमी करतो. पण डोंगरात गेलात की हवा विरळ होते आणि जनरेटरची ताकद दर 300 मीटरला साधारण 3 टक्के घटते, म्हणजे खाली जेमतेम चालणारी जोडी 1500 मीटरवर चालेलच असं नाही.

बॅटरीवर चालवू म्हणणाऱ्यांनी एकदा कागद पेन्सिल घेऊन बसावं. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासाची साधी बॅटरी कागदावर 1200 वॉट-तास देते, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात 600 उरले, त्यावर एसी अर्धा तासही चालत नाही. तेवढीच लिथियम घेतली तर इन्व्हर्टरमधला तोटा धरून पाऊण तास. रात्रभर आठ तास झोपायचं आणि कॉम्प्रेसर निम्मा वेळ बंद राहील असं धरलं तरी साडेपाच हजार वॉट-तासांच्या आसपास लागतात, म्हणजे अशा पाचएक लिथियम बॅटऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या सोलरवर परत भरायच्या तर 100 वॉटची पंधराएक पॅनेल, कारण टपावर सपाट ठेवलेलं एक पॅनेल चांगल्या उन्हातही दिवसाला 300 ते 400 वॉट-तास देतं. टपावर एसी, झरोके, अँटेना यांची जागा सोडून एवढी पॅनेल कुठे मावणार? आणि पॅनेलला ऊन हवं म्हणून ट्रेलर सावलीतून बाहेर काढायचा, म्हणजे आत अजून तापणार. आता थेट बॅटरीवर चालणारे इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे एसी आलेत, ते हळूहळू वेग घेतात त्यामुळे झटका नाही आणि वीजही कमी खातात, पण बॅटऱ्यांचा हिशोब त्यांनाही चुकत नाही, फक्त थोडा सैल होतो.

राहिली कॅम्पसाइटवरची प्लगची सोय. 120 व्होल्टवाल्या ठिकाणी 30 अँपिअरचा प्लग म्हणजे 3600 वॉट, तिथे एक एसी आरामात चालतो, फक्त त्याच वेळी गीझर आणि मायक्रोवेव्ह लावू नका. 230 व्होल्टवाल्या ठिकाणी मात्र 10 अँपिअर असेल तर 2300 वॉट, आणि जिथे 6 अँपिअरच देतात तिथे 1380, म्हणजे एसी लावला की चहाची किटलीसुद्धा लावायची नाही, आणि मोठा एसी तर सुरूच व्हायचा नाही. अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, दुपारी सगळेच एसी लावतात तेव्हा साइटवरचा व्होल्टेज पडतो. तो 10 टक्क्यांहून जास्त पडला तर कॉम्प्रेसर तापतो आणि असं वारंवार झालं की जळतो. प्लगात लावायचा छोटा व्होल्टमीटर ट्रेलरमध्ये ठेवाच, आणि आकडा फार खाली दिसला तर एसी बंद करून पंखा लावा.

तर माझं म्हणणं असं की निर्णय दोन प्रश्नांवर घ्यावा, रात्री मुक्काम बहुतेक कुठे असणार आणि आत कोण झोपणार.

मुक्काम प्लगवर असणार आणि सोबत तान्हं बाळ, म्हातारं माणूस, हृदयाचा किंवा बीपीचा पेशंट असेल तर एसी घ्या, यात मागेपुढे बघू नका. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण 35 अंशांच्या वर गेली, की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, घाम येतोय तोवर त्याचा उपयोग होतो पण वयस्कर माणसांना घाम कमी येतो, तहान कमी लागते, आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. आईला एकदा दुपारी बोलताना शब्द सापडेनासे झाले, आम्ही लगेच तिला थंड जागी नेलं, पाणी दिलं, मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसल्या, बरी झाली. पण त्या दिवसानंतर आमच्या घरात एसीवर वाद राहिला नाही. कुत्रं मांजर सोबत असेल त्यांनीही हे लक्षात घ्यावं, आणि एसी चालू आहे म्हणून जनावराला आत कोंडून दिवसभर बाहेर जाऊ नये, वीज गेली तर बंद ट्रेलरमध्ये तापमान बघता बघता चढतं.

दमट हवेतही एसीला पर्याय नाही असंच मी म्हणेन. तिथे 28 अंशांनाही झोप लागत नाही कारण घाम वाळत नाही, आणि पाण्यावर चालणारा कूलर उलट आतला ओलावा वाढवतो. एसी हवेतलं पाणी काढतो. पण म्हणून छोट्या ट्रेलरला मोठा एसी लावू नका, तो पाच मिनिटांत गार करून बंद होतो, ओलावा तसाच राहतो आणि अंथरूण गार पण चिकट लागतं. सोळा फुटी ट्रेलरला 9 ते 11 हजार बीटीयू पुष्कळ झाले.

याउलट तुम्ही प्लग नसलेल्या जागी, रानात, तलावाकाठी, उंचावर राहणारे असाल तर एसीच्या मागे लागू नका. दर 1000 मीटर चढलात की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, त्यासाठी कुठली वायरिंग लागत नाही. टपाच्या झरोक्यात 14 इंची पंखा बसवा, तो पूर्ण वेगात 12 व्होल्टवर दोन-तीन अँपिअर घेतो, म्हणजे साध्या बॅटरीवर रात्र निघते. लावायची पद्धत मात्र नीट असावी, पंखा हवा बाहेर फेकणारा ठेवायचा, आणि सावलीकडची एकच खिडकी, तीही उशाजवळची, थोडी उघडायची, मग सगळी हवा त्या फटीतून अंगावरून जाते. सगळ्या खिडक्या उघडल्या तर वारा कुठेच जाणवत नाही. ट्रेलर लावताना ज्या बाजूला ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढायचं कापडी छत, आहे ती बाजू दुपारच्या उन्हाकडे करा, खिडक्यांना चमकदार पडदे शक्यतो बाहेरून लावा कारण काचेतून ऊन आत आलं की मग पडद्याने फारसा फरक पडत नाही, आणि गॅस बाहेर पेटवा, आत पेटवला की उष्णता आणि वाफ दोन्ही वाढतात. कोरड्या हवेत कूलर छान चालतो, खिडकी उघडी ठेवायची एवढंच.

एकच नळी असलेला पोर्टेबल एसी मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. तो आतलीच हवा नळीने बाहेर टाकतो, मग तेवढीच गरम हवा फटीफटीतून आत ओढली जाते.

जनरेटरबद्दल दोन शब्द, आणि हे कृपया कापू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जनरेटर ट्रेलरपासून लांब, वारा पलीकडे वाहतोय अशा बाजूला ठेवा, खिडकीखाली किंवा ऑनिंगखाली कधीच नाही, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. शिवाय बऱ्याच कॅम्पसाइटवर रात्री जनरेटर लावू देत नाहीत, म्हणजे नेमकं झोपायच्या वेळी तो कामाचा नाही, हेही आधी विचारून घ्या.

नंतर बसवू असं ठरवणाऱ्यांनी ट्रेलर घेतानाच तीन गोष्टी विचाराव्यात. टपावर 14 बाय 14 इंचाचा झरोका आहे का, कारण बहुतेक एसी त्याच भोकात बसतात. त्याखालच्या आडव्या पट्ट्या चाळीसएक किलो वजन पेलतील का, तेही खड्ड्यांतून जाताना. आणि एसीसाठी वेगळी जाड वायर आधीच टाकलीय का, ती नंतर टाकणं म्हणजे भिंती उकलणं. बसवल्यावर बोल्ट किती आवळायचे ते माहितीपुस्तकात बघा, कमी आवळले तर पाणी गळतं, जास्त आवळले तर गॅस्केट, म्हणजे मधली मऊ पट्टी, चेपून जातं आणि तरीही गळतं, आणि टप बसतो तो वेगळाच. ट्रेलरची उंची फूटभर वाढते, नवी उंची मोजून ड्रायव्हरच्या समोर लिहून ठेवा, पूल आणि फांद्या तिथेच राहतात.

आणि एसी लावलेलाच ट्रेलर घेत असाल तर बघायला सकाळी जाऊ नका. दुपारी जा, ट्रेलर उन्हात उभा असताना दार खिडक्या बंद करून एसी तासभर चालवायला सांगा, स्वतः आत पलंगावर आडवे व्हा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत 9 ते 12 अंशांचा फरक यायला हवा, साधा थर्मामीटर जाळीशी धरला तरी कळतं. आवाजात झोप लागेल का तेही तेव्हाच समजेल, कारण बऱ्याच ट्रेलरमध्ये तो डोक्यावरच असतो. विकणारा नाही म्हणाला तर दुसरा ट्रेलर बघा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक